दिवा आणि डोळा

अंधाऱ्या खोलीत हरवलेली वस्तू शोधावयाची असेल, तर दिव्याची वात मोठी करावी, हे कोणीही सांगेल. पण वात इतकी मोठी केली की पाहणाऱ्याचे डोळेच दिपून गेले, तर वस्तू पूर्वीइतकीच हरवलेली राहते. पदार्थाच्या अगदी आतल्या कणांचा वेध घेणाऱ्या विज्ञानशाखेचा गेल्या अर्धशतकाहून अधिक काळाचा इतिहास म्हणजे या साध्या अनुभवाचाच विस्तार होय. या शाखेतील दिवा म्हणजे कणांना प्रचंड वेग देऊन समोरासमोर आदळविणारे यंत्र. त्याला कोलायडर म्हणतात. आणि डोळा म्हणजे त्या टकरीतून उधळलेले कण टिपून घेणारे उपकरण, अर्थात डिटेक्टर. दिव्याचे कौतुक जगभर होते. मैलोन्‌मैल लांबीच्या बोगद्यांची आणि त्यांतील चुंबकांची वर्णने सर्वांनी वाचलेली असतात. डोळ्याची कथा मात्र क्वचितच सांगितली जाते. वस्तुतः दिव्याची वात वाढविण्यापूर्वी डोळा नव्याने घडवावा लागतो, आणि तो वेळेवर घडला नाही तर हाताशी आलेला शोध निसटून जातो, हा धडा युरोपातील शास्त्रज्ञांनी एकदा मोठी किंमत देऊन घेतलेला आहे.

कोलायडरचे सामर्थ्य दोन गोष्टींनी मोजतात. आदळणाऱ्या कणांची ऊर्जा ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट म्हणजे ठरावीक वेळात किती टकरी घडू शकतात ते प्रमाण. त्याला यंत्राची दीप्ती म्हणता येईल. निसर्गातील ज्या घटनांविषयी शास्त्रज्ञांना कुतूहल असते, त्या बहुधा अतिशय दुर्मिळ असतात. अब्जावधी टकरी घडाव्यात तेव्हा त्यांतील एखादीतून हवा तो कण जन्मास यावा, अशी स्थिती असते. म्हणून दीप्ती वाढविणे अपरिहार्य ठरते. परंतु दीप्ती दसपट झाली की हव्या असलेल्या घटनांबरोबर नको असलेल्या घटनाही दसपट होतात. सुपात धान्य वाढते तसे फोलपटही वाढते. मग प्रश्न केवळ पाहण्याचा राहत नाही. काय ठेवावे आणि काय पाखडून टाकावे, हे ठरविण्याचा होतो.

विसाव्या शतकाच्या मध्यास हा प्रश्न अद्याप तीव्र झाला नव्हता. १९५२ साली अमेरिकेत डोनाल्ड ग्लेझर यांनी बुदबुद-पेटी तयार केली. तापविलेल्या द्रवावरील दाब एकाएकी कमी केला की तो द्रव उकळण्याच्या बेतात येतो. अशा क्षणी त्यातून विद्युत्‌भार असलेला कण गेला, तर त्याच्या वाटेवर सूक्ष्म बुडबुड्यांची माळ उमटते आणि तिचे छायाचित्र घेता येते. ग्लेझर यांना या शोधाबद्दल १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे या पेटीने गाजविली. तिच्यातून निघालेली लक्षावधी छायाचित्रे ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांत मेजांवर पसरून, त्यासाठी खास शिकविलेल्या स्त्रीपुरुषांकडून डोळ्यांनी तपासली जात. १९७३ साली जिनीव्हाजवळच्या सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेने गार्गामेल नावाच्या बुदबुद-पेटीतून उदासीन प्रवाहांचा जो महत्त्वाचा पुरावा मांडला, तोही अशाच चिकाटीच्या तपासणीतून हाती आला होता.

पण या पेटीला दोन मर्यादा होत्या. एक चित्र घेतल्यावर दुसऱ्यासाठी सज्ज होण्यास तिला वेळ लागे. आणि कण येण्याच्या आधीच तिच्यातील दाब उतरवून ठेवावा लागे. कोलायडरमध्ये महत्त्वाची टक्कर नेमकी केव्हा होईल, हे आधी सांगता येत नाही. घटना घडून गेल्यावर जागे होणारा, क्षणात पाहणारा आणि दुसऱ्याच क्षणी पुन्हा तयार असणारा डोळा तेथे हवा होता. तो डोळा जॉर्ज शार्पाक यांनी दिला. पोलंडमध्ये जन्मलेले, फ्रान्समध्ये वाढलेले आणि दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या डाखाऊ येथील बंदिशिबिरात दिवस काढलेले हे शास्त्रज्ञ सर्नमध्ये काम करीत होते. १९६८ साली त्यांनी वायूने भरलेल्या एका चपट्या पेटीत एकमेकींपासून मिलिमीटर-दोन मिलिमीटर अंतरावर अनेक बारीक तारा ताणल्या आणि प्रत्येक तारेला तिचा स्वतंत्र विद्युत्‌-वर्धक जोडला. कण जेथून गेला तेथली तार तेवढी बोलू लागली. जुन्या पेटीपेक्षा सहस्रपट वेगाने चालणाऱ्या या उपकरणात छायाचित्र नव्हते, मेजावरची तपासणी नव्हती. होते ते थेट गणकयंत्राकडे जाणारे विजेचे संकेत. १९९२ साली शार्पाक यांना नोबेल पारितोषिक देण्यात आले, ते यासाठीच.

याच सुमारास सर्नमध्ये एक अपूर्व यंत्र उभे राहत होते. सुमारे तीनशे मीटर व्यासाची दोन वर्तुळे एकमेकांत गुंफलेली, आणि ती जेथे एकमेकांस छेदतात अशी आठ स्थाने. एका वर्तुळातून प्रोटॉन एका दिशेने धावत, दुसऱ्यातून उलट दिशेने, आणि छेदस्थानी ते एकमेकांवर आदळत. २७ जानेवारी १९७१ रोजी या यंत्रात पहिल्या टकरी घडल्या. प्रोटॉनांची प्रोटॉनांशी समोरासमोर टक्कर घडविणारे हे जगातील पहिले यंत्र. ते बांधणाऱ्या अभियंत्यांचे कौशल्य असे की पुढील काळात त्याची दीप्ती मूळ अपेक्षेच्या कितीतरी पट वाढली. दिवा म्हणून त्यात उणे काढावयास जागा नव्हती.

उणे होते ते डोळ्यात. त्या वेळी बहुतेकांची समजूत अशी होती की प्रोटॉन आदळल्यावर निघणारे कण मुख्यतः पुढच्या दिशेने, मूळ मार्गाला धरूनच जातील; आडव्या दिशेला फारसे काही जाणार नाही. त्यामुळे आरंभीची बरीच उपकरणे पुढच्या बाजूकडे तोंड करून बसविलेली होती. शार्पाक यांच्या तारांच्या पेट्यांचा पहिला मोठा उपयोग ज्या चुंबकीय उपकरणात झाला, त्याची रचनाही याच समजुतीवर होती. त्याचे चुंबकक्षेत्र पुढच्या दिशांना बलवान, तर काटकोनाच्या दिशेला नेमके दुर्बळ होते. प्रयोग सुरू झाले आणि लवकरच दिसून आले की आडव्या दिशेलाही अपेक्षेपेक्षा खूपच अधिक जोमदार कण येत आहेत. प्रोटॉन हा एकसंध गोळा नसून त्याच्या आत आणखी कठीण कण आहेत, याचीच ती खूण होती. स्वतः तो मोठाच शोध होता. पण त्यानेच दुसऱ्या एका शोधाची वाट अडविली.

या यंत्रावर सर्न आणि अमेरिकेतील कोलंबिया व रॉकफेलर विद्यापीठे यांतील शास्त्रज्ञांचा एक गट आडव्या दिशेने येणारे इलेक्ट्रॉन शोधीत होता. एखादा अज्ञात जड कण जन्मास येऊन इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या जोडीत विघटित झाला, तर त्याची चाहूल या उपकरणास लागावी, अशी योजना होती. परंतु तेथे पायॉन नावाच्या सामान्य कणांचा असा लोंढा आला की नोंद ठेवणारी यंत्रणा अपुरी पडू लागली. तेव्हा गटाने उंबरठा चढविला. सुमारे दीड अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा कमी ऊर्जेचे संकेत नोंदीतून वगळण्यात आले. त्या परिस्थितीत निर्णय सयुक्तिक होता. दुर्दैव इतकेच की निसर्गाने आपला ठेवा नेमका त्या उंबरठ्याच्या खाली ठेविला होता. ११ नोव्हेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील ब्रुकहेवन येथील सॅम्युएल टिंग आणि स्टॅनफर्ड येथील बर्टन रिश्टर यांच्या गटांनी एका नव्या कणाची घोषणा केली. त्याला जे-साय असे जोडनाव मिळाले. त्याच्या वस्तुमानाशी तुल्य ऊर्जा ३.१ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट. अर्थात इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या वाट्याला बहुधा निम्मी-निम्मी, म्हणजे दीड अब्जाच्या आसपास. टिंग व रिश्टर यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जिनीव्हाच्या यंत्रात हा कण जन्मास येत होता यात शंका नाही. नंतर त्याच यंत्रावर तो मोजलाही गेला. तो जन्मत होता आणि पाखडला जात होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

स्टॅनफर्डचे यंत्र जिनीव्हाच्या यंत्रापुढे लहानसेच होते. पण तेथील डिटेक्टर टक्करस्थानाला जवळजवळ सर्व बाजूंनी वेढून बसला होता. कोणता कण कोणत्या दिशेला जाईल, याविषयी आधीच मत बनवून न ठेवता त्याने सगळीकडे पाहिले. हा फरक सर्नने मनावर घेतला. पुढे कार्लो रुबिया यांच्या पुढाकाराने तेथे प्रोटॉन व प्रतिप्रोटॉन यांच्या टकरींचा प्रकल्प हाती घेण्यात आला, तेव्हा यू. ए. वन हा डिटेक्टर टक्करस्थानाभोवती शक्य तितका निश्छिद्र बांधण्यात आला. याचे फळ १९८३ मध्ये मिळाले. डब्ल्यू हा कण विघटित होताना न्यूट्रिनो निर्माण होतो आणि तो कोणत्याही उपकरणास दाद न देता निघून जातो. पण बाकीचे सर्व कण मोजलेले असतील, तर हिशेबात पडलेली तूटच त्याची साक्ष देते. भोके असलेल्या डिटेक्टरात तुटीला अर्थ नसतो. निश्छिद्र डिटेक्टरात तूट हाच पुरावा होतो. १९८४ चे नोबेल पारितोषिक रुबिया व सिमॉन व्हान डर मेर यांना मिळाले.

यानंतरचा मोठा बदल डोळ्याच्या द्रव्यातच झाला. वायू आणि तारा यांच्या जागी सिलिकॉनच्या पातळ चकत्या आल्या. सिलिकॉनमधून कण गेला की किंचित विद्युत्‌भार सुटतो, आणि चकतीवर केसाहून बारीक पट्ट्या आखलेल्या असतील तर कणाची जागा मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत सांगता येते. प्रोटॉनांच्या टकरींच्या इतक्या निकट ही नाजूक वस्तू टिकेल काय, अशी शंका अनेकांना होती. शिकागोजवळच्या फर्मी प्रयोगशाळेतील टेव्हाट्रॉन या कोलायडरवर सी. डी. एफ. गटाने १९९२ मध्ये असा सिलिकॉन डिटेक्टर बसविला. शंका अगदीच निराधार नव्हती. प्रारणाने तो लवकरच थकला आणि १९९३ मध्ये अधिक सोशिक असा दुसरा त्याच्या जागी आणावा लागला. पण १९९५ मध्ये टॉप क्वार्कचा शोध जाहीर झाला तेव्हा सी. डी. एफ. च्या पुराव्यात या चकत्यांचा वाटा मोठा होता. त्याच यंत्रावरील डी-झीरो या दुसऱ्या डिटेक्टराने टॉप क्वार्क स्वतंत्रपणे शोधला. त्या गटात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली व चंदिगड येथील विद्यापीठे यांतील भारतीय शास्त्रज्ञ होते. डी-झीरोला आरंभी सिलिकॉनही नव्हते आणि मध्यभागी चुंबकही नव्हता. टेव्हाट्रॉनची दीप्ती वाढविण्याचे ठरल्यावर त्याचा गाभा उकलून या दोन्ही गोष्टी आत बसविण्यात आल्या, आणि २००१ मध्ये तो नव्या रूपात कामास लागला.

इकडे सर्नमध्ये १९८४ पासून २७ किलोमीटर परिघाच्या एका महायंत्राची चर्चा चालली होती. आज ते लार्ज हॅड्रॉन कोलायडर या नावाने प्रसिद्ध आहे. त्याची नियोजित दीप्ती पूर्वीच्या कोणत्याही प्रोटॉन-कोलायडरला मागे टाकणारी होती. अशा वणव्याजवळ कोणताही डिटेक्टर तग धरणार नाही, असे म्हणणारे जाणते लोक त्या वेळी होते. टक्करस्थानाभोवती लोखंडाचा जाडजूड गोळा बसवावा आणि त्यातूनही पार होणारे म्युऑन तेवढे मोजून समाधान मानावे, असाही विचार पुढे आला होता. या वेळी मात्र सर्नने आधीची चूक टाळली. यंत्राला १९९४ च्या डिसेंबरात मान्यता मिळण्यापूर्वीच, १९९० पासून, केवळ नवे डिटेक्टर घडविण्याच्या संशोधनासाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू करण्यात आला. त्यातूनच सी. एम. एस. आणि अ‍ॅटलास हे दोन प्रचंड डिटेक्टर साकार झाले. सी. एम. एस. च्या बाह्य भागात वायूची उपकरणे वापरण्याचा बेत होता. १९९९ च्या अखेरीस तो सोडून सर्व मार्गशोधक सिलिकॉनचाच करण्याचे ठरले. सुमारे दोनशे चौरस मीटर सिलिकॉन, हे तोपर्यंत कोणी मनातही आणलेले नव्हते.

या महायंत्रात भारताचाही हात आहे. १९९१ च्या सहकार्य-करारानंतर भारतीय अणुऊर्जा विभागाने त्याच्या उभारणीत भाग घेतला. त्याचे मुख्य केंद्र होते इंदूर येथील प्रगत तंत्रज्ञान केंद्र, म्हणजेच आजचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र. बोगद्यातील पंधरा-पंधरा मीटर लांबीची अवजड चुंबके ज्यांच्यावर विसावली आहेत आणि ज्यांच्या साहाय्याने ती मिलिमीटरच्या अंशांनी सरकविता येतात, असे हजारो आधारजॅक भारताने पुरविले. तसेच अतिसंवाहक सुधारक चुंबकही. हे झाले दिव्याच्या बाजूचे काम. डोळ्याच्या बाजूला, सी. एम. एस. मधील बाह्य ऊर्जामापकाचा चमकपट्ट्यांचा भाग भारतीय गटांनी घडविला. मुंबईची टाटा संस्था त्यात अग्रभागी होती.

यंत्र सुरू झाले आणि ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज कण सापडल्याची घोषणा झाली. लोकांच्या दृष्टीने कथा तेथे संपली; डिटेक्टर घडविणाऱ्यांच्या दृष्टीने ती नव्याने सुरू झाली. या यंत्रात प्रोटॉनांचे पुंजके धावतात. एकेका पुंजक्यात दहा हजार कोटींहून अधिक प्रोटॉन असतात, आणि दर सेकंदास सुमारे चार कोटी वेळा दोन पुंजके एकमेकांतून आरपार जातात. दोन भेटींमधील अंतर इतके अल्प की तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा साडेसात मीटरच जातो. सी. एम. एस. ची लांबी वीस मीटरांहून अधिक आहे. म्हणजे एका भेटीतले कण डिटेक्टराच्या बाहेर पडण्यापूर्वीच पुढची भेट घडून गेलेली असते. २०१२ साली एका भेटीत सरासरी वीसच्या आसपास टकरी होत. २०१८ पर्यंत त्या तीस-चाळीसवर गेल्या. वाढीव दीप्तीच्या पुढील पर्वात त्या १४० ते २०० होणार आहेत. यात्रेच्या गर्दीत एकाच वेळी दोनशे ठिकाणी बोलणे चालले असावे आणि त्यांतले एकच संभाषण ऐकावयाचे असावे, तसा हा प्रकार आहे.

दीप्ती वाढत गेली तसे डोळेही टप्प्याटप्प्याने बदलण्यात आले. २०१४ मध्ये अ‍ॅटलासच्या गाभ्यात, टक्करमार्गापासून जेमतेम ३.३ सेंटिमीटरांवर, सिलिकॉनचा एक नवा थर सरकविण्यात आला. त्यासाठी प्रोटॉनांची नळीच बदलून अधिक बारीक करावी लागली. भारतात घडलेल्या बाह्य ऊर्जामापकातील जुने प्रकाशग्राहक चुंबकक्षेत्रात नीट चालत नव्हते. २०१३-१४ च्या विश्रांतीकाळात त्यांच्या जागी सिलिकॉनचे नवे ग्राहक बसविण्यात आले. त्याच काळात मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि चंदिगडचे पंजाब विद्यापीठ येथे म्युऑन टिपणाऱ्या नव्या पेट्या तयार होऊन सी. एम. एस. मध्ये गेल्या. २०१७ च्या आरंभी सी. एम. एस. ने आपला सर्वांत आतला डिटेक्टर संपूर्ण बदलला. ६ कोटी ६० लाख बिंदूंच्या जागी १२ कोटी ४० लाख बिंदू आले.

पण नवे म्हणजे निर्दोष नव्हे. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत या नव्या डिटेक्टराला वीज पुरविणारे छोटे परिवर्तक एकामागून एक निकामी होऊ लागले. प्रारणाच्या माऱ्यामुळे त्यांतील एका चिपमध्ये विजेची गळती होत होती, आणि परिवर्तक बंद करून पुन्हा सुरू केले की ती चिप दगा देत होती. कारण सापडेपर्यंत डोळा अर्धवट मिटलेलाच राहिला. अखेरीस हिवाळ्यात सर्व परिवर्तक काढून नवे घालण्यात आले. सूक्ष्म चिपमधील इवलासा दोष हजारो माणसांच्या वर्षभराच्या श्रमांवर सावट आणू शकतो, हे त्या हिवाळ्याने दाखविले.

आता येणारे परिवर्तन या सर्वांहून मोठे आहे. २०२४ मध्ये सर्नने प्रसिद्ध केलेल्या वेळापत्रकात २०२६ च्या मध्यास यंत्र दीर्घ काळ थांबवावे आणि २०३० मध्ये ते वाढीव दीप्तीने पुन्हा सुरू व्हावे, अशी आखणी करण्यात आली. त्यासाठी घडविण्यात आलेल्या नव्या डिटेक्टरांपुढे तीन शत्रू आहेत: दाह, गर्दी आणि घाई.

दाहाचा विचार आधी करावा. वेगवान कण सिलिकॉनमधून जाताना त्याच्या अणूंना त्यांच्या जागेवरून उडवून लावतात. अशा जखमांमधून वीज गळू लागते. गळतीने उष्णता वाढते आणि उष्णतेने गळती आणखी वाढते. यावर उपाय थंडीचा. तपमान सुमारे सात अंशांनी उतरले की गळती निम्मी होते. म्हणून नवे सिलिकॉन द्रवरूप कार्बन डायऑक्साइडच्या साहाय्याने शून्याखाली तीस अंशांच्या आसपास ठेवावयाचे आहे. हा गारवा यंत्र बंद असतानाही फार काळ मोडता येत नाही, कारण उबेत राहिले की काही जखमा अधिकच चिघळतात.

या दाहानेच सी. एम. एस. च्या दोन्ही टोकांकडील ऊर्जामापकांना निवृत्त केले आहे. त्यांत शिसे आणि टंगस्टन यांच्या क्षाराचे १४,६४८ स्फटिक होते. काचेसारखे पारदर्शक, शिशासारखे जड, रशियात व चीनमध्ये वर्षानुवर्षे जपून वाढविलेले. २०१२ मध्ये हिग्ज कणाची खूण ज्या प्रकाशकणांच्या जोडीतून पटली, ती जोडी टिपणाऱ्या उपकरणाचाच हा भाग. प्रारणाने ते हळूहळू धुरकट होत गेले. त्यांच्या मागचा पितळी भाग रशियन आरमाराच्या तोफगोळ्यांची दहा लाखांहून अधिक जुनी कवचे वितळवून बनविला होता. युद्धासाठी ओतलेले पितळ ज्ञानाच्या कामी आले, आणि आता त्याचीही पाळी संपत आली. या जागी ४७ थरांचा नवा ऊर्जामापक योजलेला आहे. सुमारे सहाशे चौरस मीटर सिलिकॉन आणि साठ लाख संकेतवाहिन्या त्यात असतील. त्याचे षट्‌कोनी सिलिकॉन-संच जोडण्याचे काम जगात ज्या मोजक्या ठिकाणी सोपविण्यात आले, त्यांत मुंबईची टाटा संस्था आहे.

गर्दीवर शोधलेला उपाय मोठा चतुर आहे. एकाच भेटीतील दोनशे टकरी एकाच बिंदूत वा एकाच निमिषात होत नाहीत. काही सेंटिमीटरांच्या लांबीवर आणि सेकंदाच्या अब्जांश भागाच्याही एका लहानशा अंशात त्या विखुरलेल्या असतात. म्हणून नव्या डिटेक्टरात कणाच्या जागेबरोबर त्याची वेळही मोजावयाची आहे, आणि तीही अशी की तेवढ्या वेळात प्रकाश केवळ सेंटिमीटरभर जातो. जागेने एकमेकींत मिसळलेल्या टकरी वेळेने वेगळ्या होतात. आजवर डिटेक्टर छायाचित्र काढीत असे; आता तो घटनेचा क्रमही लावू लागेल.

राहिली घाई. दर सेकंदाच्या चार कोटी भेटींची नोंद ठेवणे सी. एम. एस. ला अशक्य असते. त्यांतून विद्युत्‌-यंत्रणा एक लाखाच्या आसपास निवडते आणि गणकयंत्रे पुन्हा निवड करून त्यांतल्या थोड्याच कायमच्या ठेवतात. बाकीच्या कायमच्या नाहीशा होतात. यालाच ट्रिगर म्हणतात, आणि १९७० च्या दशकात चढविलेला तो उंबरठा त्याचाच पूर्वज होता. आजवर या पहिल्या निवडीत कणांचे मार्ग पाहता येत नसत, कारण निर्णयास मिळत सेकंदाचे चार-दशलक्षांश भाग. पुढील पर्वात तो अवधी सुमारे तिप्पट केला आहे आणि एक लाखाऐवजी साडेसात लाख भेटी राखता येतील. शिवाय सिलिकॉनच्या दोन चकत्या काही मिलिमीटर अंतरावर एकमेकींसमोर बसविल्या आहेत. चुंबकक्षेत्रात दुबळा कण अधिक वळतो, जोमदार कण जवळजवळ सरळ जातो; दोन्ही चकत्यांवरील खुणा ताडून चकत्याच सांगतात की हा कण ठेवण्याजोगा आहे किंवा नाही. त्याच यंत्रावरील एल. एच. सी. बी. हा डिटेक्टर याहून पुढे गेला. त्याने २०२२ मध्ये नव्या रूपात काम सुरू करताना पहिली विद्युत्‌-निवड काढूनच टाकली. प्रत्येक भेटीची माहिती आधी गणकयंत्राकडे जाते आणि मगच पाखडणी होते.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न येथे कोणी विचारील. हिग्ज कण स्वतःशीच कोणत्या बळाने निगडित आहे, हे अजून मोजलेले नाही. आणि विश्वाच्या आरंभी पदार्थाला वस्तुमान कसे लाभले, याचे उत्तर त्या मोजमापाशी बांधलेले आहे. त्यासाठी दोन हिग्ज कण एकदम जन्मताना पाहावे लागतात, आणि ही घटना एका हिग्जच्या जन्माहून हजारांहूनही अधिक पटींनी दुर्मिळ आहे. ती टिपली गेली तर सृष्टीच्या एका मूळ प्रश्नाला हात घातला जाईल. ती उंबरठ्याखाली राहिली, तर ती घडली होती हेदेखील कोणास कळणार नाही.

म्हणूनच डिटेक्टर घडविणाऱ्याचे काम विलक्षण जबाबदारीचे आहे. नव्या डोळ्यांचे पहिले आराखडे आखणाऱ्यांपैकी कित्येक जण त्यांतून पहिली टक्कर दिसण्यापूर्वीच निवृत्त होतील. आणि जे तरुण पुढे त्या नोंदी वाचतील, त्यांना मागे जाऊन टाकून दिलेले काही परत आणता येणार नाही. छेदवर्तुळांचे ते जुने यंत्र १९८४ मध्ये बंद झाले. त्याच्या अभियंत्यांनी कमावलेले कौशल्य सर्नच्या पुढील प्रत्येक यंत्रात उतरले. पण ज्या सावधगिरीने सर्नमध्ये आज उंबरठे ठरविले जातात, आणि वात वाढविण्याच्या कितीतरी वर्षे आधी डोळ्याची तयारी सुरू होते, ती सावधगिरी मात्र त्या यंत्राच्या यशाने शिकविलेली नाही. ती त्याच्या हातून निसटलेल्या एका कणाने शिकविली आहे.